वॉल्टर ब्रॅमॉल यांचा कच्चा खर्डा

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्केलबी गावातल्या सिक्स्थ फॉर्म, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात माध्यम अभ्यास हा विषय घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी एक म्युझिक व्हिडिओ तयार करावा लागतो. गाणे कोणाचेही चालते, व्हिडिओ मात्र स्वतःचा लागतो. तो स्वतःचाच आहे हे सिद्ध करण्यासाठी सत्तेचाळीस पानांची नियोजन-पुस्तिका भरावी लागते. पुस्तिकेवर शिक्का बसला की कॅमेरा मिळतो. कॅमेरा मी देतो. माझे नाव क्लाइव्ह स्टॉकडेल. गेली बावीस वर्षे मी या कॉलेजच्या उपकरण कक्षाचा प्रमुख आहे. कक्षात माझ्याशिवाय दुसरे कोणी नसल्यामुळे हे पद निर्विवाद आहे.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, हॅटी ब्रॅमॉल आणि रीस टॅटरसॉल माझ्या खिडकीशी आले. दोघेही सतरा वर्षांचे. हॅटी कमी बोलते आणि रीस तिच्या वाटणीचेही बोलतो.

"क्लाइव्ह, कॅमेरा हवाय. आत्ता," रीस म्हणाला.

"पुस्तिका?"

"भरायची राहिलीय."

"मग कॅमेराही द्यायचा राहिलाय."

"अहो, माझ्या आजोबांचं गुरुवारी खुब्याचं ऑपरेशन आहे," हॅटी म्हणाली. "काल पत्र आलं. नंतर वर्षभर नाचायचं नाही म्हणून सांगितलंय. आजोबा म्हणाले, वर्षाने मी एक्क्याऐंशीचा होईन. समुद्र असेल तिथेच, माझं काही सांगता येत नाही. आज तीन वाजता नाचतो, काढायचं तर काढा."

मला वाईट वाटले. वाईट वाटल्याची नोंद करायला आमच्या वहीत रकाना नाही, म्हणून मी खिडकी लावून घेतली.

त्या दुपारी काय झाले ते मी पुढे कॉलेजच्या संकलन खोलीत पाहिले. ही खोली माझ्या कक्षाला लागूनच आहे आणि मधल्या दाराची कडी बावीस वर्षांपासून तुटलेली आहे. चित्रीकरण हॅटीच्या फोनवर झाले होते. किनाऱ्यावरचा बँडस्टँड, म्हणजे बँड वाजवायचा छपराचा चौथरा, राखाडी समुद्र, बारीक भुरभुर. हॅटीचा आजोबा, वॉल्टर ब्रॅमॉल, डोक्यावरची चपटी टोपी काढून कठड्यावर ठेवतो. चाळीस वर्षे बस चालवलेला माणूस, त्यामुळे आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे. गाणे रीसच्या मामेबहिणीचे, ब्रायनीचे. तिने ते गिटारवर म्हणून घरीच रेकॉर्ड केलेले. एक बाई बसथांब्यावर कोणाची तरी वाट बघते आणि तो येत नाही, एवढेच त्यात आहे. गाणे सुरू होते तसा वॉल्टर डावा हात उचलतो, उजवा हात हवेत एका विशिष्ट उंचीवर ठेवतो आणि वॉल्ट्झ सुरू करतो.

ती उंची त्याच्या बायकोच्या पाठीची होती. मॉरीन आणि तो पिअरवरच्या, म्हणजे समुद्रात गेलेल्या लांब धक्क्यावरच्या, नाचघरात दर शनिवारी नाचायचे. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून तो नाचला नव्हता. समोर कोणी नसताना हा माणूस समोरच्याला इतके सांभाळून वळवतो की बघणाऱ्याचे पाय आपोआप बाजूला सरकतात. मध्येच एक सीगल उतरतो आणि रीसच्या खिशातल्या चिप्स पळवतो. फोन हलतो, रीसचा एक न छापण्यासारखा शब्द ऐकू येतो. वॉल्टर थांबत नाही. मॉरीनचा पाय पक्ष्यावर पडू नये म्हणून तो तिला अर्धे पाऊल आत घेतो. गाणे संपते. तो रुमालाने नाक पुसतो आणि म्हणतो, "झालं. आता चहा."

हॅटी आणि रीस यांनी त्यावर तीन आठवडे संकलन केले. पहिल्या आठवड्यात त्यांनी चाळीस ठिकाणी कापले. दुसऱ्या आठवड्यात त्यातले तीस काप पुन्हा जोडले. तिसऱ्या आठवड्यात रोज भांडण. अखेर शुक्रवारी चारच्या सुमारास हॅटी म्हणाली, "कुठेच कापायचं नाही. फक्त तुझी शिवी काढू." तेवढी काढली आणि व्हिडिओ पूर्ण झाला. माझ्या बावीस वर्षांत मी पाहिलेला तो सर्वांत चांगला विद्यार्थी-व्हिडिओ होता. या मताला अधिकृत किंमत नाही. मी फक्त कॅमेरे देतो, आणि यांना तोही दिला नव्हता.

माध्यम अभ्यासाचे शिक्षक ग्लेडहिल सर यांनी तो सोमवारी पाहिला. पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"सर, कसा वाटला?" हॅटीने विचारले.

"उत्तम आहे. अवघड आहे ते तिथेच."

"म्हणजे?"

"याचं नियोजन कुठे आहे?"

"नव्हतंच, सर. आजोबा नाचले, आम्ही काढलं."

"असं कुठे लिहू नकोस," ग्लेडहिल सर घाईने म्हणाले आणि त्यांनी उठून दार लावले.

ग्लेडहिल सर दुष्ट नाहीत. आदल्या वर्षी परीक्षा मंडळाच्या तपासनिसाने 'नियोजनाचा पुरावा क्षीण' असा शेरा मारून आख्ख्या वर्गाचे गुण खाली आणले होते. एका मुलीचा नर्सिंगचा ठरलेला प्रवेश हुकला. तेव्हापासून त्यांना पुराव्याची धास्ती बसली होती. त्यांनी मार्गदर्शिका उघडून दोघांना समजावले. व्हिडिओला दहा गुण. नियोजनाला दहा. विकासाला, म्हणजे आधी काय वाईट होते आणि मग ते कसे सुधारले याला, दहा.

"तुमचा व्हिडिओ मंडळाच्या दृष्टीने अजून घडलेलाच नाही," सर म्हणाले. "आधी त्याचं नियोजन करा."

"झालेल्याचं?"

"झालेल्याचं नियोजन चुकत नाही, रीस. फायदाच आहे तो."

मग दोघांनी फोन दर दोन सेकंदांनी थांबवून प्रत्येक क्षणाचे चित्र काढले. याला स्टोरीबोर्ड म्हणतात. तो चित्रीकरणाच्या आधी काढलेला वाटावा म्हणून तारीख सप्टेंबरची घातली. रीसला चित्रकला येत नसल्यामुळे वॉल्टर ब्रॅमॉल एकशे तीस चौकोनांत दिव्याच्या खांबासारखे दिसत होते. एका चौकोनात खांबाजवळ एक पक्षी काढला होता. सगळी अडचण त्या पक्ष्याने केली.

स्टोरीबोर्डात जे दिसते ते जोखीम-मूल्यांकनाच्या फॉर्मात यावे लागते. रीसने प्रामाणिकपणे लिहिले : 'धोका : सीगल. घडण्याची शक्यता : नक्की.' फॉर्म सुरक्षा अधिकारी मिसेस पिंडर यांच्याकडे गेला. त्यांनी शक्यतेला तीव्रतेने गुणले आणि उत्तर पंचवीस आले. वीसच्या वर उत्तर आले की उपक्रमाला बंदी असते.

"पण मॅडम, उपक्रम होऊन गेला," हॅटी म्हणाली.

"मग तो बंदी असताना झाला, हे जास्त गंभीर," मिसेस पिंडर म्हणाल्या. पण त्याही दुष्ट नव्हत्या. त्यांनी उपाय काढला. 'पक्षी-निरीक्षक नेमला होता' असे लिहिले तर आकडा बारावर येत होता. मात्र निरीक्षकाचा कामावर असतानाचा फोटो जोडणे आवश्यक होते. त्यामुळे डिसेंबरच्या एका बुधवारी मी पिवळे चमकते जाकीट घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून बँडस्टँडवर उभा राहिलो आणि ऑक्टोबरात आलेल्या पक्ष्यावर लक्ष ठेवले. त्या दिवशी एकही सीगल आला नाही. फोटोखाली रीसने लिहिले : 'उपाययोजना परिणामकारक.'

नियोजनाचे दहा गुण असे सुरक्षित झाले. आता विकास उरला.

"तुमचा आधीचा वाईट व्हिडिओ कुठे आहे?" ग्लेडहिल सरांनी विचारले.

"वाईट नव्हताच, सर."

"तेच मी तपासनिसाला कसं सांगू? कच्चा खर्डा लागतो. तो प्रेक्षकांना दाखवायचा, त्यांनी नावं ठेवायची, तुम्ही सुधारायचं, आणि मग हा दाखवायचा. एक वाईट करून आणा. पण सुधारता येईल इतपतच वाईट. अगदीच वाईट केलात तर म्हणतील, मुलांना काही येत नाही."

"किती वाईट, सर?" रीसने वही काढली.

"साधारण क श्रेणीचा."

मी दारापलीकडून जे ऐकत होतो त्यावरून सांगतो, या मुलांनी पहिल्या व्हिडिओपेक्षा दुप्पट मेहनत या वाईट व्हिडिओवर घेतली. संकलनाच्या प्रणालीत जेवढ्या करामती होत्या तेवढ्या सगळ्या त्यांनी वापरल्या. वॉल्टर ब्रॅमॉल जांभळे झाले. एकाचे आठ झाले. आठही उलटे लटकून फिरले. गाण्याखाली ढोलाचा ठेका घातला आणि वॉल्ट्झ दुप्पट वेगाने पळवला. समुद्राला आग लावली. मधून मधून रीस काळा चष्मा घालून कॉलेजच्या गाड्यांच्या आवारातून संथ गतीने चालत येत होता. का येत होता, हे कुणालाच माहीत नव्हते. हॅटी पहिल्यांदा हसली ती आगीच्या वेळी. त्यानंतर दोघे इतके हसत होते की मी दार ढकलून आत गेलो, आणि मग तिघेही हसत बसलो. तो महिना फार मजेत गेला.

"याला क मिळेल?" रीसने मला विचारले.

"याला शिक्षा मिळेल," मी म्हणालो. खर्डा वाईट करण्यात आम्ही कुठे कमी पडलो नाही, अशी माझी तेव्हा खात्री होती.

फेब्रुवारीत कॅंटीनमध्ये प्रेक्षक-चाचणी झाली. सोळा ते पंचवीस या लक्ष्य वयोगटातले वीस प्रेक्षक हवे होते. अठराच आले, कारण त्याच वेळी बाहेर फुकट पिझ्झा होता. मग ग्लेडहिल सरांनी कॅंटीनच्या शीलाबाई आणि मी, असे दोघांना चोवीस वर्षांचे म्हणून बसवले. दोन्ही व्हिडिओ दाखवले आणि फॉर्म वाटले.

वाईट व्हिडिओला सतरा मते पडली. चांगल्याला तीन.

आकडे दोनदा मोजले. मग फॉर्म नीट वाचला तेव्हा त्यात चूक नाही हे लक्षात आले. पहिला प्रश्न होता : 'व्हिडिओत किती तंत्रे वापरलेली दिसली?' वाईट व्हिडिओत एकतीस, चांगल्यात शून्य. दुसरा प्रश्न : 'व्हिडिओ पाहताना तुम्ही किती वेळा प्रतिक्रिया दिली?' वाईट व्हिडिओला सगळे सतत ओरडत होते. चांगला चालू असताना कोणी काही बोलले नाही, तेव्हा सगळ्यांनी शून्य लिहिले. शीलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यासाठी फॉर्ममध्ये काही नसल्याने त्यांनी 'चित्र अस्पष्ट दिसले' यापुढे खूण केली.

आणि आता माझेही सांगून टाकतो. माझे मत वाईट व्हिडिओला होते. ज्याला मत द्यायचे त्याच्याखाली 'सुधारणेसाठी किमान तीन सूचना' लिहिणे सक्तीचे होते. चांगल्याला मला एकही सुचेना, आणि कॅंटीन रिकामे करायचे होते. वाईटाला सूचना भराभर सुचल्या.

एक तक्रार मात्र जवळजवळ सगळ्यांनी केली होती, आणि ती दोन्ही व्हिडिओंबद्दल होती : 'म्हातारा एकटाच का नाचतोय? समोर कोणीतरी पाहिजे. बहुतेक टाकायचं राहून गेलंय.'

दुसऱ्या दिवशी ग्लेडहिल सरांनी दोघांना बोलावले. मी तिथे ट्रायपॉड परत घ्यायला गेलो होतो आणि तो सावकाश घडी करत होतो.

"प्रेक्षकांनी कौल दिलाय," सर म्हणाले. "अंतिम व्हिडिओ कौलाप्रमाणे असावा, असं मार्गदर्शिकेत आहे. म्हणजे पहिला आहे तो कच्चा खर्डा. दुसरा आहे तो अंतिम. आणि अंतिममध्ये जोडीदार घालायचा."

"सर, दुसरा मुद्दाम वाईट केलाय," हॅटी म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत."

"मला माहीत आहे."

"आणि जोडीदार घातला तर माझी आजी जाईल त्यातून."

सरांनी कागद चाळले. "तुझी आजी? ती कुठे आहे व्हिडिओत?"

"तेच तर," हॅटी म्हणाली.

सरांनी कागद खाली ठेवले. मग सर हळू आवाजात म्हणाले, "हॅटी, तुला विद्यापीठात संकलन शिकायचंय ना? ब लागते. चांगला पाठवला तर विकासाला शून्य, आणि तुला ड. मी स्वतः तुला अ देईन, पण माझं ऐकतो कोण? ठरव तू. तू म्हणशील ते पाठवतो." एवढे बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना ती नाही म्हणेल अशी आशा होती की भीती, हे मला त्यांच्या पाठीवरून कळले नाही.

हॅटी रीसकडे बघत होती. रीस पहिल्यांदाच काही बोलत नव्हता. त्यालाही ब लागत होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "जोडीदार घालू."

जोडीदार म्हणून ब्रायनी तयार होती. पण ती कॉलेजबाहेरची, त्यामुळे परवानगीला सहा आठवडे. शीलाबाईंचे मनगट दुखत होते. विद्यार्थ्यांपैकी कोणाला घ्यायचे तर नृत्य हा 'शारीरिक संपर्काचा उपक्रम' ठरत होता, जरी संपर्क पडद्यावरच होणार असला तरी. मिसेस पिंडर यांनी विम्याचे कागद काढले. कॉलेजच्या आवारात नाचण्यासाठी विम्याचे संरक्षण असलेली एकच व्यक्ती निघाली : कॉलेजचा पफिन. हा आमच्या किनाऱ्यावरचा गुबगुबीत, रंगीत चोचीचा पक्षी कॉलेजचे बोधचिन्ह आहे. प्रवेशाच्या दिवसांत त्याचा भला मोठा पोशाख घालून कोणीतरी दारात पत्रके वाटते. गेली नऊ वर्षे ते कोणीतरी मीच आहे.

मार्चमध्ये चौदा नंबरच्या खोलीत हिरवा पडदा लावला; त्याच्यापुढे काढलेले चित्र नंतर दुसऱ्या चित्रात बसवता येते. मी पफिनमध्ये शिरलो. हॅटी पावले शिकवायला लागली. तिला तिच्या आजोबांनी शिकवलेली.

"डावा पाय मागे. नाही, माणसाचा डावा. हां. हात इथे ठेवा, आजोबांचा खांदा इथे येतो. आता ते तुम्हाला वळवतील."

"ते नाहीयेत ना इथे."

"नाहीतच. तरी वळा."

मी वळलो. फोनवर गाणे चालू होते. पुढ्यात हिरवे कापड, त्याच्याआधी हवा, आणि त्या हवेत माझा पंख एका खांद्यावर टेकलेला. तिसऱ्या फेरीला मला अर्धे पाऊल आत यायचे होते. कोणी न ओढता मी आलो. त्यानंतरची फेरी मी डोळे मिटून घेतली. पण पफिनची चोच मोठी असल्यामुळे माझा चेहरा बाहेर कोणाला दिसला नाही, आणि चित्रीकरण एका दमात पार पडले.

बदललेल्या स्वरूपाला कलाकाराची लेखी संमती लागते. एप्रिलमध्ये आम्ही तिघे वॉल्टर ब्रॅमॉल यांच्या घरी गेलो. खुबा चांगला बसला होता, पण चालायला अजून आधार लागत होता. त्यांनी स्वतः चहा केला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे फ्रूटकेकवर चीजचा तुकडा ठेवून सगळ्यांना दिला. हॅटीने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली.

आठ जांभळे वॉल्टर आठ पफिनांबरोबर जळत्या समुद्रावर नाचले. वॉल्टरनी शेवटपर्यंत पाहिले.

"पक्ष्यात कोण आहे?" त्यांनी विचारले.

"मी," मी म्हणालो.

"पाय बरे पडतात तुमचे. मॉरीनचे कधी इतके वेळेवर पडले नाहीत. ती कायम एक ठोका उशिरा यायची. मी थांबायचो." ते चहा प्यायले. "हॅटी, तू तिकडे काय करतेस? ये इकडे."

"आजोबा, मी चुकले."

"कुठे चुकलीस? तुला विद्यापीठात जायचंय. मी चाळीस वर्षं बस चालवली, प्रत्येक थांब्यावर थांबलो, कुणी नसलं तरी. नियम होता. त्यात माझं काही गेलं नाही." मग त्यांनी तिचा हात धरला. "पण तो पहिला मात्र पुसू नकोस. मला तो लागेल."

त्यांनी चष्मा लावला आणि संमतीचा फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. असे करताना मी याआधी कोणाला पाहिलेले नाही. 'प्रस्तुत कामातील भूमिका' या रकान्यात लोक 'नर्तक' किंवा 'गायक' असे लिहितात. वॉल्टरनी सावकाश अक्षर काढत लिहिले : 'नवरा.' हा फॉर्म पुढे मिसेस पिंडर यांच्याकडून परत आला. दिलेल्या पर्यायांत तो पर्याय नव्हता. त्यांनीच मग तो खोडून 'नर्तक' केले आणि बाजूला आपली सही केली. त्या दिवशी त्या जेवायला कॅंटीनमध्ये आल्या नाहीत, असे शीलाबाई सांगतात.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. हॅटीला अ, रीसला अ. तपासनिसांचा शेरा वर्गाच्या फळ्यावर अजून लावलेला आहे : 'कच्च्या खर्ड्यात सहकलाकाराचा अभाव ही ठळक उणीव होती. विद्यार्थ्यांनी ती ओळखून अंतिम कामात सक्षमपणे भरून काढली. नियोजन अनुकरणीय, विशेषतः पक्षी-निरीक्षण.' यंदाच्या नव्या तुकडीला हेच काम नमुना म्हणून दाखवतात. तेरा गटांपैकी नऊ गटांच्या व्हिडिओत पफिन आहे. कॉलेजने दुसरा पोशाख मागवला आहे, कारण एकटा मी पुरत नाही.

हॅटी सप्टेंबरात विद्यापीठात गेली. जाण्याआधी तिने पहिला व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि त्याचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून मला दिला. ऑक्टोबरात पालकांसाठी कॉलेज खुले ठेवतात, त्या दिवशी सभागृहात पफिनचा व्हिडिओ चालू होता. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पोशाख काढून, घामेजलेला, माझ्या कक्षाच्या दाराशी एक टेबल मांडले, दोन खुर्च्या ठेवल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगू लागलो की याच म्हाताऱ्याचा एक आधीचा व्हिडिओ आहे, बघायचा का?

"त्यातही पक्षी आहे?" एका वडिलांनी विचारले.

"आहे. खरा. दोन सेकंद."

"आणि मग काय होतं?"

"नाचतात."

"एकटेच?"

"दिसायला एकटेच."

"छान," ते म्हणाले. "लिंक पाठवा ना. घरी निवांत बघू."

त्या दिवशी मी त्रेसष्ट जणांना लिंक पाठवली. पाहणाऱ्यांचा आकडा त्या व्हिडिओखाली दिसतो. तो दर रविवारी सकाळी एकाने वाढतो, तो वॉल्टर ब्रॅमॉल यांच्याकडून. मधल्या वारी वाढतो तो माझ्यामुळे.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. सगळ्यांनी ती मन लावून ऐकली, योग्य ठिकाणी हळहळले, व्यवस्थेला दोन शब्द बोलले, आणि निघताना व्हिडिओ पाठवायला सांगितला. कोणता, हे मी सुरुवातीला विचारत असे. आता विचारत नाही, पफिनचाच पाठवून देतो. तुमचाही पत्ता देऊन ठेवा.